पेटी खुलासा मागते

साहेब, तुम्ही मला न ऐकताच निकाल दिलात. गेल्या गुरुवारी शिक्षण खात्यातून शाळेच्या तपासणीला आलात, बोटाच्या टोकानं मला ढकललंत, झाकणसुद्धा उघडलं नाहीत आणि शिपायाला म्हणालात, "हे भंगारात. सोमवारी टेम्पो येईल." शिपायानं माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाची फुली मारली, तेव्हा तुमचा चहा अजून निवलाही नव्हता.

मित्रांनो, साहेबांचं नाव मला विचारू नका. घेतलं तर म्हणतील, पेटी राजकारण करते.

होय, मी पेटी. हार्मोनियम. अंग सागवानाचं, आतले सूर, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या जिभा, पितळेचे. ज्या कारागिरानं मला घडवलं, तो प्रत्येक सूर कानाशी धरून घाशी आणि पुटपुटे, "बोलली पाहिजे, केकाटली नाही पाहिजे." सतरा वर्षांपूर्वी मी पनवेलजवळच्या या शाळेत आले. पळस्प्याच्या नाक्यापासून आत वळलं की भातखाचरं होती, तिथे आता वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. पण शाळा तीच आणि मीही तीच.

प्रभाकर गुरुजींनी मला शाळेत आणलं. माणूस सोन्यासारखा, गळा भारदस्त. ते काळी एकमध्ये गात, म्हणजे माझ्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. पोरांनाही तिथेच 'सा' लावायला सांगत. पोरांनी खाली धरलं की घोगरा आवाज यायचा, वर धरलं की अंतऱ्यात किंचाळी फुटायची. मग गुरुजी वहीत दोन रकाने करत. सूर आहे, सूर नाही. दुसऱ्या रकान्यातली पोरं मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवत. मला सगळं कळत होतं. पण माझी जी पट्टी दाबाल तेच मी बोलते. मी काय करणार?

बारा वर्षं असंच चाललं. मग शाळेत खिचडी शिजवायला सत्यवतीमावशी आली. मावशी गावातली धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन लग्न लावणारी बाई. साथीला वाद्य नाही, माईक नाही, गळ्याचीच काय ती मिजास. एके दिवशी ती तांदूळ निवडता निवडता उठली आणि थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, ह्या पोरांना कनाला छलताव?"

"मावशी, तुमची खिचडी करपेल."

"करपली तं वास येल. हितं पोरांचा गला करपतंय, त्याचा वास कोनाला येतंय?"

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी लाल झाले. "यांना सूरच नाही, मावशी. मी तरी काय करू?"

"सूर हाय. तुमी तुमचा सदरा पोरांच्या अंगान घातलाव नि म्हनताव, पोरा बेढब हायत. तेंच्या गल्यान गावा ना जरा!"

मागच्या रांगेत दुसरीतली जनी बसली होती, टाळ्या वाजवून कंटाळलेली. मावशीनं तिला पुढे ओढलं आणि म्हणाली, "बोल गो, तुला सोपा परतंय तिथं लाव." जनीनं डोळे मिटून आवाज लावला. गुरुजींची बोटं तो सूर शोधत माझ्यावरून सरकत गेली आणि काळी पाचवर थांबली. अख्खा वर्ग त्या सुरात शिरला. खिडकीच्या गजांना कंप सुटला, असं मी छातीवर हात ठेवून सांगते, मला हात नसले तरी.

गुरुजींनी रकान्यांची वही मिटली. मग म्हणाले, "बारा वर्षं मी पोरांना नाही, स्वतःलाच गाणं शिकवत होतो."

असं बोलणं सोपं असतं. पण गुरुजी जुनी वही घेऊन दुसऱ्या रकान्यातल्या पोरांच्या दारोदार गेले. ती आता बाप्ये झाली होती. परेश नावाचा एक जण तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर असतो. गुरुजींनी चूक कबूल केली, तेव्हा तो हसत म्हणाला, "गुरुजी, तवापासून मी न्हानीनपन गात नाय." गुरुजींना काही हसता आलं नाही. पुढच्या शनिवारी परेश आपल्या पोरीला घेऊन आला आणि मागे उभा राहून तिच्याबरोबर गायलाही.

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता गाण्याचा तास भरतो. आगऱ्यांची पोरं येतात, टॉवरमधली रिया येते, तिची आईही येऊन बसते. मावशी धवले शिकवते. त्यातला एक सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडतो, माझ्याकडे तो नाहीच. तिथे मी गप्प राहते आणि पोरांचे गळे तो उचलतात. मला त्याची लाज वाटत नाही. गेल्या वैशाखात याच पोरांनी एका हळदीत धवले गायले. कानठळ्या बसवणारा डीजे तासभर बंद ठेवला गेला आणि म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसत बसल्या.

गेल्या जूनमध्ये गुरुजी निवृत्त झाले. दुसरे संगीतशिक्षक आलेच नाहीत. आता जनी सातवीत आहे. ती मला वाजवते, मावशी शिकवते. माझ्या तीन पट्ट्या अडकतात, हे खरं. पण खिचडीचं एक पातेलं गळलं म्हणून कोणी स्वयंपाकघर भंगारात घालत नाही.

साहेब, गुरुवारी मावशी तुम्हाला हात जोडून म्हणाली होती, "सायेब, येक पट्टी दाबून तं बगा."

तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"थोरासा कलतं. चव घेतल्याबिगर मीठ कमी हाय, असा मी कंदी सांगत नाय."

तुम्ही गाडीत बसलात.

शनिवारी मावशी पुढे झाली, पोरांनी मला उचललं आणि गावदेवीच्या मंडपात नेलं. तास तिथेच भरला. सोमवारी टेम्पो आला तसा रिकामा गेला. मंगळवारी मावशीच्या नावानं कागद आला. जनीनं तो माझ्यासमोरच वाचला: "शासकीय मालमत्ता विनापरवाना हलवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल."

मावशी खाली बसली. पाच वर्षांचं काम, नवऱ्याचं दुखणं, सगळं तिच्या चेहऱ्यावर आलं. जनी रडवेली झाली. "मावशी, आमी पेटी परत ठेवून येतो."

"गप गो. ठेवलीस तं उद्या टेम्पोन जाल ती. कागद घे, लिव. पेटी मी नेली. पोरा गात व्हती, पेटी वाजत व्हती. ती आमच्या मंडपान हाय, कोनी चोरली नाय. शनवारी चार वाजता या नि आयका." खाली तिनं सही केली. अक्षर स्पष्ट वाचता येतं.

मित्रांनो, वाद्य पुसून कपाटात ठेवलं म्हणजे सांभाळलं असं होत नाही. वाद्य वाजवून सांभाळतात. आणि लहान पोराला सूर नाही असं म्हणण्याआधी आपला सूर जरा सरकवून बघतात.

साहेब, तुम्ही सात दिवस दिले होते, मावशीनं एका दिवसात खुलासा दिला. आता खुलासा मी मागते. गुरुवारी जी वस्तू भंगार होती, ती मंगळवारी मालमत्ता कशी झाली? चाळीस पोरांचा गाण्याचा तास तुम्ही कोणाला विचारून मोडीत काढलात? आणि ज्या बाईनं तो वाचवला, तिचं काम कोणत्या गुन्ह्यासाठी काढून घेताय?

लेखी द्या. तारीख घाला. खाली स्वतःच्या नावानं सही करा.