शेवटच्या मॅचची मतं

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मैदानावर शनिवारी सकाळी रवींद्र सोहोनीनं घडीची खुर्ची उघडली, की शेजारच्यांना त्याच्या लेकीचं कौतुक ऐकावं लागणार हे ठरलेलं असे. सोहोनी मंडळी कॅरीला यायच्या आधी आठ वर्षं मेलबर्नला होती. बाकीचे लोक तिथून लोकरीचे स्वेटर घेऊन येतात, रवींद्र तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊन आला. लंबगोल चेंडू, लाथेनं मारा नाहीतर मुठीनं, आणि अंगाला भिडायला कुणाची ना नाही, असा तो खेळ. इशिता आता चोवीस वर्षांची होती, औषधांच्या कंपनीत नोकरी करत होती आणि केस्ट्रेल्स नावाच्या हौशी क्लबकडून मिडफील्डला खेळत होती.

"आपल्यासारखी मिडफील्ड अख्ख्या लीगमध्ये कुणाची नाही," रवींद्रनं सुरुवात केली. "मॅच मध्यावरच ठरते. चेंडू उडाला की पहिला हात कुणाचा? इशिताचा. गर्दीतून बाहेर कोण काढतं? इशिता. पुढे अचूक पास?"

"इशिता," नंदू म्हणाला. नंदू नागपूरचा, रवींद्रच्याच ऑफिसातला. "अन् बाकीच्या पोरी काय भाजी निवडून राहिल्या काय बे?"

"हॅना आहे की," शुभा म्हणाली. नवऱ्याला जमिनीवर आणायचं काम गेली सत्तावीस वर्षं तिच्याकडे होतं. "गेल्या मॅचला तीन गोल तिनं मारले."

"गोल मारणं वेगळं, शुभा. चेंडू मिळाला तरच गोल होतो ना? यंदाचं मेडल इशिताचंच आहे, लिहून घे."

लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं हे मेडल अंपायरच्या हातात असायचं. प्रत्येक मॅचनंतर मुख्य अंपायर दोन्ही संघांत मिळून तीन खेळाडूंना मतं देई. पहिलीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक. पाकीट बंद करायचं आणि सीझन संपल्यावर सगळ्यांसमोर उघडायचं. तोवर अंदाज बांधायला आणि एकमेकांची खेचायला सगळे मोकळे.

मॅच संपून इशिता धापा टाकत आली, की मात्र हाच रवींद्र म्हणायचा, "बरी खेळलीस. डाव्या पायाकडे लक्ष दे." मुलांची तारीफ तोंडावर करायची नाही, पोरं शेफारतात, हा सोहोन्यांच्या घरातला नियम. तो कुणी केला विचारू नका. दहावीला रवींद्र शाळेत पहिला आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी पेपर खाली ठेवून विचारलं होतं, गणितातले चार मार्क कुठे गेले? त्या दिवशी तो गच्चीवर जाऊन रडला होता. नियम मात्र जसाच्या तसा पुढे चालवला होता.

शेवटची मॅच अ‍ॅशबर्नहून आलेल्या टीमशी होती. सकाळीच अंपायरचा फोन आला, की तो तापानं फणफणलाय. अंपायरिंगचं सर्टिफिकेट असलेला मैदानात दुसरा एकच माणूस होता, आणि तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. दोन्ही कॅप्टननी एकमेकींकडे पाहिलं, हरकत नाही म्हणाल्या, आणि रवींद्रच्या गळ्यात शिट्टी पडली.

"वहिनी, मेडलचा खर्च वाचला," नंदू सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "आता घरीच बनते ते!"

सगळे हसले. रवींद्रही हसला, पण ते वाक्य त्याला कुसळासारखं टोचत राहिलं.

मॅच अटीतटीची झाली. अंपायर म्हणून रवींद्रला चेंडूच्या मागे मागे धावावं लागलं, आणि चेंडू जिथे तिथे इशिता. तिसऱ्या क्वार्टरला तिघींच्या कचाट्यातून तिनं तो असा काढला, की रवींद्र क्षणभर शिट्टीच विसरला.

मॅचनंतर तो मतांचा कागद घेऊन गाडीत बसला. तीन कुणाला द्यायची यात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच त्यानं पेनचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा परत लावलं. तीन दिली तर लोक काय म्हणतील? दोन दिली तरी तेच म्हणतील. एक दिलं तरी नंदू वर्षभर जगू देणार नाही. त्यानं हॅनाला तीन लिहिली, अ‍ॅशबर्नच्या उंच मुलीला दोन, बचावातल्या एकीला एक. पाकीट चिकटवलं आणि आपण काय जगावेगळे प्रामाणिक, या आनंदात पुढचे पंधरा दिवस तो छाती काढून हिंडला.

मेडलचा कार्यक्रम रविवारी दुपारी पार्कमध्ये जेवणाबरोबर होता. लीगची अध्यक्ष एकेक मॅचची मतं वाचत होती. शेवटचं पाकीट उरलं तेव्हा इशिताची पंधरा होती आणि हॅनाची चौदा.

"भाऊ, पेढे आणले का?" नंदूनं रवींद्रला कोपरानं ढोसलं.

रवींद्रनं हातातला घास प्लेटमध्ये परत ठेवला. एवढं जवळ येईल हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

पाकीट फुटलं. हॅना तीन. मग दोन, मग एक. इशिता शून्य. हॅना सतरावर जिंकली. टाळ्या झाल्या, इशितानं पळत जाऊन तिला मिठी मारली. शेवटचा अंपायर कोण होता हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. शुभानं नवऱ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची जरा लांब सरकवली. ते त्याला लागलं.

इशिता टेबलाशी आली. "बाबा, झिरो?"

"अगं, आपल्याच मुलीला दिली असती तर लोक..."

"मेडलचं सोड. हॅना डिझर्व्ज इट. पण तू चार क्वार्टर्स माझ्या बाजूला धावत होतास. इतक्या जवळून बघून तुला खरंच वाटलं की मी टॉप थ्रीमध्ये पण नव्हते?"

निःपक्षपातीपणावर रवींद्रकडे अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. ते तिथेच राहिलं. नंदू आपली प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

"नाही गं," रवींद्र म्हणाला. "सगळ्यात भारी तूच होतीस. तीन तुझीच होती. मी घाबरलो. लोकांना भ्यालो आणि तुझ्यावर अन्याय केला. तिसऱ्या क्वार्टरला तू तो बॉल काढलास ना, मला शिट्टी वाजवायचंसुद्धा सुचलं नाही. तुझ्यासारखी मिडफील्डर या लीगमध्ये नाही, इशिता."

"हे आम्ही दर शनिवारी ऐकतो," शुभा हळूच म्हणाली.

"मी पहिल्यांदाच ऐकतेय," इशिता म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. डोळे भरले होते, तरी ओठांवर हसू होतं. "परत सांग. नीट सांग. आणि डाव्या पायाचं काही बोललास तर बघ."

रवींद्रनं घसा साफ केला आणि पहिल्या क्वार्टरपासून सांगायला सुरुवात केली.