शेठला भूक लागलीय

मी शेठ बोलतोय. आमच्या वळ गावातल्या गोदामवाल्या शेठांपैकी नव्हे. त्यांच्यातलं कुणी चार पायांवर चालत नाही. मी डांगी जातीचा गोऱ्हा. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ रुंद आणि चाल अशी, की कंटेनरचे ड्रायव्हरसुद्धा हॉर्न न वाजवता थांबतात. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी आता सांगत नाही.

मी जन्मलो आणि आईची कास सुजली. मला दूध मिळेना. तेव्हा माझ्या मालकिणीनं, गुणाबाईनं, मला बाटलीवर वाढवलं. दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं, मग बाटली माझ्या तोंडात. गुणाबाईचा मुलगा देवेश म्हणायचा, आईनं माझे एवढे लाड कधी केले नाहीत. म्हणताना हसायचा, पण पुरतं नाही.

देवेशनं घरची सगळी जमीन गोदामांना भाड्यानं दिली होती. स्वतः राहायचा ठाण्याला, फ्लॅटमध्ये. सकाळी पहिली गाडी गोदामाला लागताना यायचा आणि संध्याकाळी शेवटची गाडी भरून परस्पर जायचा. घरात यायला त्याला वेळ नसे. भाड्यानं न गेलेला आमचा गोठा मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायचा. तिथं त्याला गाड्या उभ्या करायच्या होत्या. गुणाबाई म्हणायची, मी असेपर्यंत नाही. रोजच्या कटकटीला तिचा नवरा बाळाराम वैतागला. अकलोलीजवळ जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यानं मायलेकांना समोर बसवलं.

"शेठचा नंबर आला तर गोठा हाय. न्हाय आला, तर देवेश म्हणतो तसा. मग कुणी तोंड उघडायचा न्हाय."

अशा रीतीनं गोठ्याचा भार माझ्या कोवळ्या खांद्यांवर आला. मी काही घाबरलो नाही, कारण त्याच दिवसापासून खाणं वाढलं. बाळाराम तसा पंच, पण गुपचूप येऊन मला डिंकाचा लाडू भरवायचा. मग बदाम आले. मग दुधात अंडं आलं. मग माझ्या पोटाचं जे झालं, ते भल्या घरच्या वासरानं सांगू नये. जनावरांचे डॉक्टर मनोज आले आणि बाळारामवर उखडले. हे वासरू आहे, बाळंतीण नव्हे, असं म्हणाले. वेळच्या वेळी मोजकं दूध, थोडा खुराक, कोवळं गवत आणि रोज चालणं, एवढंच ठरवून दिलं. गुणाबाईनं ते कसोशीनं पाळलं. अंगाला तेल लावून ती मला गोदामांच्या रस्त्यानं दोरीवर चालवायची, अनोळखी माणसानं पाठीवर हात ठेवला तरी उभं राहायला शिकवायची. हमाल काम थांबवून बघायचे. मी मान आणखी वर करायचो.

प्रदर्शनात मी असा काही चाललो, की शेजारची म्हैस रवंथ करायची विसरली. परीक्षकांनी माझी पाठ चाचपली, पाय बघितले, मान डोलावली. गुणाबाईनं दोरी आखडून धरली. तेवढ्यात मैदानात एक टेम्पो रिव्हर्स येऊ लागला. टुंई टुंई, टुंई टुंई.

आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा. आमच्याकडे हा आवाज आला, की दूध येतं. सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकलेलं नाही. मी शेपूट उभारून सुटलो. दोरी सुटली, परीक्षकांचा चष्मा पडला, पाहुण्यांच्या खुर्च्या आडव्या झाल्या. टेम्पो गाठून मी त्याच्या चाकामागचं लोंबतं रबर तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखू लागलो. अख्खं मैदान हसत होतं. दूध मात्र येईना. नंबर गेला एका वासराला, जे सकाळपासून जागचं हललं नव्हतं.

निकाल ऐकायला देवेशही आला होता. जिंकला तोच, पण मी टेम्पोमागे का लागलो, या बुचकळ्यात पडला. मनोज डॉक्टरांनी गुणाबाईला विचारलं, याला दूध कधी देता? सकाळची पहिली गाडी मागे मागे येत गोदामाला लागते तेव्हा, आणि संध्याकाळची शेवटची लागते तेव्हा, असं तिनं सांगितलं. देवेश वैतागून म्हणाला, घरात घड्याळ आहे ना?

गुणाबाई पदरानं माझं तोंड पुसत होती. "घड्याळात तू दिसत न्हायस," ती म्हणाली. "गाडी लागली म्हंजे तू आलास. गोठ्याच्या दारातून दिसतोस. हातात बाटली असली का उगाच उभी हाय असं वाटत न्हाय."

 देवेशनं माझी दोरी हातात घेतली. मी त्याच्या पायावर पाय दिला, तरी त्यानं दोरी सोडली नाही.

गुणाबाईनं शब्द पाळला. दुसऱ्या सकाळी तिनं घमेली, पेंडीचं पोतं, सगळं अंगणात आणून ठेवलं. गाडी लागली. देवेश गोदामाकडे न जाता सरळ आत आला, पोतं उचलून पुन्हा गोठ्यात ठेवलं आणि आईकडे बाटली मागितली. गाड्यांच्या जागेचं काय, असं बाळारामनं विचारलं. बघू, असं तो म्हणाला. या घरात बघू म्हटलेली गोष्ट आजवर कुणी बघितलेली नाही.

तेव्हापासून रोज तोच पाजतो. बाटली नको तितकी उंच धरतो, निम्मं दूध माझ्या नाकात जातं. गुणाबाई बाजूला बसून त्याला शिकवते, मग त्याला चहा देते, मग दोघं माझ्यावरून भांडतात.

आता मनोज डॉक्टर म्हणतात, हा मोठा झाला, याचं दूध बंद करा. मी गवत खातो, पेंड खातो, पोट टम्म असतं. पण देवेश दारात दिसला, की मी तान्ह्या वासरासारखा हंबरतो. तुम्हाला विनंती एवढीच, की मला भूक नसते हे डॉक्टरांना सांगू नका. गुणाबाईला ते केव्हाच कळलंय आणि तीही गप्प बसलीय.