घंटा वाजली तरी

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक नवीनच विषय लागला: ओळखी कशा वाढवायच्या. शिकवायला प्लेसमेंटच्या मॅडम. त्यांच्या मते नोकरी हुशारीवर मिळत नाही, ओळखीवर मिळते, आणि ओळख व्हायला अर्धं मिनिट पुरतं. हसायचं, हात मिळवायचा, आपण कोण आणि आपल्याला काय करायचंय ते एका दमात सांगायचं.

एका दमात! मी तोतरी आहे. वर्गात मला 'बफरिंग' म्हणतात. अर्ध्या मिनिटात माझा एखादा 'प' जेमतेम बाहेर पडतो, तोही पडला तर. आणि नशीब असं फुटकं, की मला ज्या गोष्टीचं वेड आहे तिचं नाव पंप. खालचं पाणी वर चढवणारं ते बेढब यंत्र मला लहानपणापासून आवडतं. प्रयोगशाळेतला जुना पंप खोलून पुन्हा जोडायला बसले की माझी तहानभूक हरपते.

अडलेला शब्द टाळून दुसरा वापरायचा, ही युक्ती मला बाबांनी शिकवली. बाबाही तोतरेच. कारखान्यात फिटर आहेत, पण बसमध्ये त्यांनी आजवर 'कारखाना' म्हणून तिकीट काढलेलं नाही. त्याच्या पुढचा थांबा कालवा, तोही 'क'चाच. म्हणून ते अलीकडच्या शाळेचं तिकीट काढतात आणि उरलेलं अंतर पायी तुडवतात. ऊन असो, चिखल असो. "चालणं चांगलं असतं," म्हणतात. लहानपणी मला ते खरंच वाटायचं.

वर्गातल्या सरावाच्या दिवशी मीही तेच केलं. मॅडमनी विचारलं, "तुला कशात काम करायचंय?" सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय आणि 'प' ओठांना चिकटून बसलाय. मी पटकन म्हटलं, "मोटारीत." पंपाला मोटार असतेच की! मॅडमनी मान डोलावली आणि कॉलेजात भरणाऱ्या नोकरी मेळाव्यासाठी मला गाड्यांच्या कंपन्यांच्या रांगेत टाकलं. पंपवाल्यांचं एकच टेबल येणार होतं, आणि ते एकालाच शिकाऊ म्हणून घेतात. म्हणजे मी स्वतःच स्वतःचा पत्ता कापला होता.

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "ज-जाऊ दे गं. गाड्याही च-चांगल्याच की."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही शाळेपाशी उतरता, म्हणून मीही शाळेपाशीच उतरू का, बाबा?" अडखळत, थुंकी उडवत, पण शेवटपर्यंत म्हटलं. बाबा बुटाचा चिखल पुसत बसले. मला फार वाईट वाटलं, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही.

मेळाव्याला सभागृहात टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी कंपनीचं एक माणूस आणि समोर रिकामी खुर्ची. मॅडमनी घंटा वाजवली की उठायचं आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं. मी गाड्यांच्या रांगेत उभीच राहिले नाही. सरळ जाऊन पंपवाल्या बाईंसमोर बसले. पिकलेले केस, चष्मा गळ्यात लटकवलेला.

"बोल," बाई म्हणाल्या.

"मला प... प..."

"पगार?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पाइप? पेंट?"

शब्द सुचवला की आपल्यावर उपकार होतात, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मी हात वर करून त्यांना थांबवलं. "प... प..."

घंटा वाजली. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. माझ्या मागचा मुलगा खाकरला. मी उठले नाही.

मॅडम लगबगीने आल्या. "सॉरी हं, मॅम. तिला बोलायला जरा त्रास होतो. शिवाय तिचं टेबल हे नाहीच. मी सांगते तिच्याबद्दल..."

"त्रास म-मला होत नाही, मॅडम," मी म्हटलं. "ऐ-ऐकणाऱ्यांना होतो. माझं मी सांगते."

माझे कान तापले होते. सगळं सभागृह बघत होतं, तर बघू दे! मी खुर्चीची कड घट्ट धरली. "मला प-प-पंपांवर काम करायचंय. मोटारींवर नाही. प-पंपांवर."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आत खडे भरल्यासारखा पंप खडखडतोय. आधी काय बघशील?"

"प-पाणी ओढणारी बाजू. तिथली जाळी तुंबली असेल. नाहीतर प-पंपच पाण्याच्या फार वर बसवला असेल."

एवढं सांगून होईपर्यंत घंटा पुन्हा वाजली. मागची रांग दारापर्यंत गेली. कुणीतरी "बफरिंग" म्हणून खिदळलं. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आमच्याकडे फोनवर तक्रारी घ्याव्या लागतात," बाई म्हणाल्या. "जमेल?"

"जमेल. वेळ लागेल."

"गिऱ्हाईक चिडेल."

"चि-चिडू दे. त्याचा पंप तर सुरू होईल."

बाई हसल्या नाहीत. "सोमवारी कालव्यावरच्या वर्कशॉपला ये. महिनाभर बघते, मग ठरवते. आणि तिथे एवढा गोंगाट असतो, की पहिल्या खेपेला कुणाचंच ऐकू येत नाही. सगळेच तीन-तीनदा बोलतात."

सोमवारी मी आणि बाबा एकाच बसमध्ये चढलो. कंडक्टर आला. मी "का-का-कालवा" म्हटलं, अगदी तब्येतीत म्हटलं. मागच्या माणसाने उसासा टाकला. मग कंडक्टर बाबांकडे वळला आणि न विचारताच मशीनवर बोट ठेवलं. "शाळा ना, काका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली. "का... का..."

"कालवा?"

"न-नाही." बाबांच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले. शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी जीभ दातांखाली धरली. बसने चौक ओलांडला. कंडक्टर थांबला होता. त्याला थांबावंच लागलं.

"का-का-कारखाना."

शाळा आली आणि गेली. पुढच्या थांब्यावर बाबा उतरले. मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. ते इतके लवकर पोचले होते, की फाटक अजून उघडायचं होतं. बंद फाटकापुढे बाबा एकटेच उभे होते, आणि त्यांच्या बुटांना चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता.