कमरेची उशी

"उतरा की आता! बैल खोळंबलेत," कालिंदी नवऱ्याला म्हणाली. पण ढुंढिराज गाडीवरून हलेना. हात दांडीला घट्ट, मान खाली, तोंड पांढरंफटक.

वरुणेपलीकडच्या मळ्यातून रोज सकाळी तो गाडीत वांगी-मुळे भरायचा, थोरल्या भावाला, नीलकंठदादाला, मागं बसवायचा आणि काशीची वाट धरायचा. दादा दुर्गाघाटावर श्राद्धं चालवायचा. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. त्यात एखाद्या गोऱ्या साहेबाची मोटार आली की गाडी थेट चरात. पोक काढून कासरे ओढता ओढता ढुंढिराजची कंबर गेली होती. वैद्य म्हणाले होते, "असाच वाकून आणखी एक हिवाळा गाडी हाकलीस, तर खाट धरशील."

कालिंदी कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. रडत बसली नाही. लुगडं फाडलं, सेमलचा, म्हणजे सावरीचा, कापूस ठासला, कमरेच्या खळग्यात नेमकी बसेल अशी उशी शिवली. गाडीत त्याच्या पाठीमागं फळी ठोकवून उशी तिला बांधली. "टेकून बसायचं. दर कोसाला उतरून चार पावलं चालायचं."

गेले आठ दिवस ती रोज विचारी, "टेकून बसलात ना?"

"बसलो गं. एकदम आराम!"

आज त्याला खांद्याचा आधार देऊन उतरवलं, ओसरीवर पालथं निजवलं आणि ती गाडीकडं गेली. फळीवरचं पोतं उचललं. खाली पेंढा होता. तिच्याच उशीच्या नाड्यांनी आवळून बांधलेला.

"उशी कुठाय?"

दादा विहिरीवर पाय धूत होता. "अगं, दक्खनचा यजमान आला होता. बापाचं शय्यादान. खाट आली, गादी आली, ऐन वखताला उशीच नाही! मुहूर्त टळत होता. तुझ्याच उशीवर नवी खोळ चढवली, विश्वेश्वरभटाला देऊन टाकली."

"मग मागून आणा."

"खुळी का काय? हातावर पाणी सोडून दिलेली चीज परत मागतात होय?"

कालिंदी नवऱ्याकडं वळली. "आणि हा पेंढा कुणी बांधला?"

ढुंढिराजनं चटईत तोंड खुपसलं. "दादा म्हणाले, तिला कशाला दुखवतोस. म्हणून... मीच."

दादाचं तिला काही वाटलं नाही, तो तसलाच. पण तान्ह्या लेकीला, बकुळला, मांडीवर थोपटत एकेक टाका घातलेल्या त्या नाड्या ह्यांनी सोडल्या. आणि त्यांनीच रोज आपल्याला फसवलं.

दुसऱ्या सकाळी दादा सोवळ्याचं गाठोडं घेऊन अंगणात उभा. "ढुंढ्या, चल रे! देर होतेय."

कालिंदी बाहेर आली. कडेवर बकुळ, हातात लोटी. "दादा, हात पुढं करा."

तीर्थ असेल म्हणून दादानं सवयीनं ओंजळ धरली. तिनं ओंजळीत कासरे ठेवले आणि वर पाण्याची धार धरली.

"गाडी तुम्हांला दिली, हिवाळा सरेपर्यंत. पाणी सोडलंय."

कुंपणावरून शेजारचा शिवराम खदखदला, "पंडितजी, अब त हाँके के पड़ी!" आता हाकावीच लागणार म्हणे.

दादा गाडीकडं बघे, ओल्या हातांकडं बघे. शेवटी कण्हत चढला. वर बसून चाचपत म्हणाला, "पाठीला काही आहे का गं?"

"पेंढा आहे की. आठ दिवस एकदम आराम होता म्हणे."

आत ढुंढिराज फिसकन हसला. ती हसली नाही.