न उठलेला माल

“अर्ध्याच्या वर दाबायचं नाही हं, बाबा. कॉइल तापते. कळलं ना?”

भोंग्याने मान डोलावली. सकाळपासून ही सूचना त्याने इतक्यांदा ऐकली होती, की ही आपली पोरगी की आई असा त्याला प्रश्न पडला होता. बारकीने यंत्र त्याच्या हातात दिलं आणि ती नाव सांगायला आत गेली.

जुन्या टॉर्चच्या नळकांड्यात बसवलेलं ते यंत्र. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. गळ्यातली थरथर तोंडात जाऊन तिचे शब्द व्हायचे. अशी यंत्रं दुकानात मिळत, पण ती महाग आणि एकाच सुरात किरकिरणारी. बारकीच्या यंत्रात अंगठा दाबावा तसा आवाज चढायचा, उतरायचा. प्रश्न प्रश्नासारखा वाटायचा आणि राग रागासारखा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिने ते कितीदा तरी मोडून पुन्हा बांधलं होतं. आता चांगली कॉइल, नीट साचा आणि दवाखान्यात वापरून बघायला थोडे नग, एवढ्यावर घोडं अडलं होतं. विद्यार्थ्यांना अशी छोटी मदत देणाऱ्या एका संस्थेत आज तिची मुलाखत होती. पैसे मिळाले तर यंत्र, नाहीतर पुढच्या महिन्यापासून कॉल सेंटरची नोकरी, असं तिने घरी सांगून टाकलं होतं.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भाजीबाजारात अडत्याच्या गाळ्यावर त्याने उभी हयात लिलाव पुकारला, तेव्हा बाजाराने ठेवलेलं हे नाव. पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक त्याच्या आवाजाने वाट वाकडी करून यायचं. मान टाकलेला फ्लॉवरसुद्धा तो बोलून बोलून उभा करायचा. एक वार, दोन वार, तीन वार, की माल उठला! क्वचित एखाद्या ढिगाला बोलीच लागत नसे. मग भोंगा स्वतः त्यावर ओलं पोतं टाकायचा. न उठलेल्या मालाकडे लोकांनी टकमक बघू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढे घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते भोक तो मफलरखाली झाकायचा, मग ऊन कितीही असो. न्हाव्यापुढेसुद्धा त्याचा मफलर सुटत नसे.

आज बोलायला बारकीने त्याला दोन वाक्यं ठरवून दिली होती. ‘नमस्कार. हे यंत्र माझ्या मुलीने केलं.’ भोंग्याला हसूच आलं. दोन वाक्यांत कधी माल उठतो का?

जिन्याच्या वळणावर कोणी नव्हतं. मफलर दोन बोटं वर सरकवून त्याने यंत्र टेकवलं.

“या, या, या! हात लावून बघा, मग बोला!”

आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा; पण चढ त्याचा होता, शेवटचं अक्षर लांबवायची लकब त्याची होती. भोंग्याच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी त्याची स्वतःशी गाठ पडत होती! अंगठा आपसूक आणखी खाली गेला. “एक वार!” आणखी. “दोन वार!” खालून जाणाऱ्या कुणीतरी वर पाहिलं, तसा त्याला चेवच चढला. “तीन...”

करपल्याचा वास आला. नळकांडं चटका बसण्याइतकं तापलं होतं. फुंकर घालायला त्याने ओठांचा चंबू केला, आणि आपली फुंकर आता तोंडातून येत नाही हे त्याला आठवलं.

“बाबा, चला, आपला नंबर!”

त्याने तिची बाही ओढली, ओठ हलवले. एरवी ती ओठांवरून सगळं ओळखायची. आत्ता तिचं लक्ष दाराकडे होतं.

“घाबरू नका हो. मी आहे ना.”

टेबलापलीकडे तिघं होते. मधोमध चष्म्याच्या बाई, एका बाजूला म्हातारे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला जाकीट घातलेला तरुण. बारकी छान बोलली. भोंगा कान देऊन ऐकत होता.

“पण काका फोनवर टाइप करू शकतात ना?” जाकीटवाल्याने विचारलं. “फोन वाचून दाखवतो की.”

“करतात, सर. पण टाइप होईपर्यंत आई दुसऱ्या खोलीत गेलेली असते.” तिघंही हसले. “आणि तो आवाज कुणाचाही असतो. यात बाबांची ढब येते. तुम्ही ऐकाच. बाबा, बोला.”

भोंग्याने बटण दाबलं. काहीच नाही. पार तळापर्यंत दाबलं. बारकीने यंत्र घेतलं, सेल बदलले, झाकण उघडून तारा चाचपल्या.

“सकाळी चालत होतं. माझंच सोल्डरिंग कच्चं राहिलं असणार.”

भोंग्याने जोरजोरात मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“तुमचं काय त्यात, बाबा!”

तिने फोनवर व्हिडिओ लावला. जाकीटवाला तो पाहून अवघडून म्हणाला, “गैरसमज नको, पण व्हिडिओत आवाज नंतरही टाकता येतो. समोर चाललं पाहिजे, असा नियम आहे.”

यंत्राच्या भरवशावर भोंग्याने आपला फोन घरीच ठेवला होता. तो उठून टेबलापाशी गेला. मीच जाळलं. पोरीचा दोष नाही. माल चोख आहे, हो, चोख आहे. ओठ भराभर हलले आणि गळ्यातून नुसती हवा फुसफुसली. सडका माल गोड बोलून खपवणाऱ्या त्या माणसाला पोटच्या पोरीसाठी एक शब्द काढता येईना. प्राध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले.

“काका, बसा ना,” बाई मायेने म्हणाल्या. “पाणी द्या रे कुणीतरी यांना.” मग त्या बारकीकडे वळल्या. “दुरुस्त करून पुढच्या वर्षी ये, बाळ.”

“पुढच्या वर्षी मी विद्यार्थी नसेन, मॅडम.”

बाईंनी तिचा अर्ज बाजूला ठेवला. शिपायाने पुढच्यांना आत सोडलं. चकचकीत यंत्र घेऊन आलेली दोन मुलं दारातच थबकली आणि टेबलावरच्या उघड्या पोटाच्या टॉर्चकडे टकमक बघू लागली. बारकी तारा आत कोंबत होती, पण घाईत त्या पुन्हापुन्हा बाहेर येत होत्या.

भोंग्याने तिचा हात बाजूला केला. गळ्याचा मफलर वेढा-वेढ्याने सोडला, यंत्रावर पसरला आणि टोकं नीट खाली खोचली.

“बाबा, मफलर...” बारकी हळूच म्हणाली.

त्याने मान हलवली. ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि उघड्या गळ्याने तो सगळ्यांच्या देखत तिच्यामागून बाहेर पडला.