मुक्या माडाची नीरा

बाउरो माडावर चढला की गावाला कळायचं. नीरा काढणाऱ्याने शेंड्यावर बसून गायचं, म्हणजे खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना वर कुणीतरी आहे हे समजतं, ही बेटावरची जुनी रीत. पण बाउरो काही रीत म्हणून गात नसे. सकाळ-संध्याकाळ माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, तासता तासता तो उपासनेतली गीतं म्हणे. वाऱ्यावर झुलत, खाली पसरलेलं हिरवं पाणी पाहत, आपण अजून पृथ्वीवरच आहोत का, अशी त्याला शंका येई.

फक्त शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असलेल्या कडेच्या माडावर तो मुका असायचा.

तो माड बाउरोच्या बापाचा. शेजारचा रुई म्हणे, माझ्या बापाचा. दोघे एकाच चर्चमध्ये शेजारी बसून गायचे, बाउरोचा वरचा सूर, रुईचा खालचा, आणि बाहेर आले की एकमेकांचं तोंड बघत नसत. मग त्याच माडावरून रुई पडला आणि त्याचा पाय मोडला. ऐकून बाउरोला आतल्या आत बरं वाटलं. पाठोपाठ स्वतःचीच अशी लाज वाटली की तो चटईवर गुडघे टेकून म्हणाला, "प्रभू, मला काहीतरी काम सांग."

त्याला वाटलं होतं, चर्चचं छप्पर शाकारायला सांगेल. मनात उमटलं ते भलतंच. रुईच्या तान्ह्या नातीची आई दूरच्या बेटावर नोकरीला. पोर वाढत होती ती आजोबाच्या नीरेवर. ती नीरा आता तू पोचव, त्याच माडाची.

आज्ञा ती आज्ञा. बाउरो रोज मुकाट्याने माडावर चढे, करवंटी उतरवी, एक थेंबही न सांडता रुईच्या दारात ठेवी आणि मागे फिरे.

एका सकाळी ओट्यावर पाय पसरून बसलेल्या रुईने त्याला हटकलं. "ही परत ने. उद्यापासून आणू नकोस."

"का, आंबली का?"

"गोड आहे. पण तुझ्या माडांवर गळा फाडून गातोस, आणि आमच्यासाठी कापताना घशात बोळा. रागाने काढलेलं माझी नात पिणार नाही. साखरपाणी देईन मी तिला."

"देवाने सांगितलं म्हणून आणतो."

"दिसतंय की. दंड भरल्यासारखा आणतोस."

बाउरो धुमसत घरी आला. बायको ताबेरा केवड्याच्या पाती विणत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "देवाने नीरा न्यायला सांगितली. तोंडाचं सुकट करून ने, असं सांगितलं होतं का?"

"मग आनंद काय विकत आणू?"

"ज्याने काम दिलं त्याच्याकडेच माग. मला काय विचारतोस?"

संध्याकाळी तो कडेच्या माडावर चढला. ऊन उतरलं होतं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं आणि माड त्याला पाळण्यासारखा हलवत होता. इथून कुणाची हद्द कुठे, काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते रुईचं अंगण, आणि साखरपाणी थुंकून रडणारी ती पोर.

"प्रभू," तो हळू आवाजात म्हणाला, "तो पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेच घशात अडकलंय."

बोलला आणि छाती हलकी झाली. त्याने गायला सुरुवात केली. आवाज फाटला, तरी गात राहिला. कडवं संपलं आणि खालच्या सुराची जागा आली, तिथे सवयीने तो थांबला.

अंगणातून रुईचा सूर आला, जाडाभरडा, जसा पूर्वी यायचा तसा. पोर रडायची थांबली. माडाच्या शेंड्यावर बाउरो डोळे पुसत, हसत पुढचं कडवं म्हणाला, आणि खालून रुईने ते उचललं.

गीत संपल्यावर रुई ओरडला, "अरे, आता उतरतोस की नाही? पोर केव्हाची उपाशी आहे."

बाउरो उतरला आणि करवंटी घेऊन धावतच सुटला. रुईने ती हातात घेतली आणि आत डोकावून पाहिलं.

"अर्धी सांडलीस."

"हो," बाउरो धापा टाकत म्हणाला. "अजून आणतो."