जम्मालची रबरी चुंबळ

चेंडूला सगळे ओळखतात, मला कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते.

रग्बीचा चेंडू अंड्यासारखा. जमिनीवर ठेवला की लवंडतो. त्याला उभा करून लाथ मारायची तर घागरीखाली असते तशी चुंबळ हवी. ती मी, रबराची.

माझा जन्म ट्युनिशियात, जम्माल गावच्या लझहरकाकांच्या टायरच्या दुकानात झाला. त्यांची लेक सुंदुस वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवायची आणि वारा तो ढीग उडवून न्यायचा. काकांनी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तुकडा कापला, घासून वाटीसारखा केला आणि दाराचा उरलेला नारिंगी रंग मला फासला.

काका फुटबॉलचे भक्त. पहिल्याच दिवशी सुंदुसचा चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून गेला, रग्बीत गुण मिळतो तो असाच, आणि ती नाचायला लागली. काकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"होतं असं, बाळा. पुढचा खालून मार."

पुढे सुंदुस देशाच्या संघात गेली, तिच्या पिशवीतून मीही गेले. सहारा चषकाच्या पहिल्या खेपेला आम्ही इतका मार खाल्ला की फलकावर लावायचे आकडे संपले. दुसऱ्या खेपेला उपांत्य सामन्यात मोरोक्कोने शेवटच्या मिनिटाला तोंडचा घास काढून घेतला. तिसऱ्या खेपेला मात्र आम्ही थेट अंतिम सामन्यात! ट्युनिसचं मैदान, समोर मादागास्कर, आणि हरिसाच्या तिखट चटणीने हात लाल झालेले, दरबुका ढोल बडवणारे आमचे लोक.

मध्यंतराला घात झाला. आघाडीला धडका देणारी आमची धिप्पाड लुब्ना बाकावर धपकन बसली, ती माझ्यावरच. मी काठापासून तळापर्यंत फाटले. भीतीने तिने ते कुणाला सांगितलं नाही.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने मागे. पंचांनी आम्हाला दंडाची लाथ दिली. लागली तर तीन गुण. सुंदुसने मला ठेवलं, माझ्यावर चेंडू ठेवला. तो आडवा झाला. पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा. लाथेसाठी मिळणाऱ्या साठ सेकंदांतले तीस गेले आणि माझी मेलीची लाजेने माती झाली.

तेवढ्यात लुब्ना धावत आली, पालथी पडली आणि एका बोटाने चेंडू धरला. नियमात ते बसतं.

"सुंदुस," ती हळूच म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी याच बोटात अंगठी यायचीय."

"मग डोळे मिट."

लाथ बसली. चेंडू उजव्या खांबावर आपटला, तिथून आडव्या दांडीवर टप्पा खाल्ला, पडू की नको असा क्षणभर विचार केला, आणि पलीकडे पडला.

पुढचं काय सांगू? लुब्नाने आधी दहाही बोटं मोजली, मग ती हमसून रडली. काका कठडा ओलांडून आले आणि समोर सापडलेल्या मादागास्करच्या एका परक्या गृहस्थालाच मिठी मारून नाचले. त्या बिचाऱ्यानेही हरल्याचं विसरून दोन गिरक्या घेतल्या. बायकांनी जिभा घोळवून असा सूर लावला की झाडावरची कबुतरं उडाली.

मी मात्र चिखलातच. बस पंधरा किलोमीटर गेल्यावर लुब्नाला माझी आठवण झाली. तिने तिथेच सगळा गुन्हा कबूल केला आणि आख्खी बस मागे वळवायला लावली. गवतातून मला उचलून तिने माझा मुका घेतला, चिखलासकट.

काकांनी मला सांधलं, पण आता मैदान झेपत नाही. त्यांनी नवी चुंबळ केलीय, तिचा रंग अजून हाताला लागतो. नवी स्पर्धा नैरोबीत आहे. सुंदुसने तिला पिशवीत वर ठेवलंय, मला तळाशी. ही नवी पोरगी सारखी चुळबुळतेय.

ऐक गं. पहिल्यांदा तो पाय धावत येईल, तेव्हा वाटेल की तो आपल्यालाच मारायला येतोय. येऊ दे. तू फक्त चेंडूला घट्ट धरून बस. मग आभाळाकडे बघ; चेंडू वर झेपावताना सगळ्यात जवळून आपल्यालाच दिसतो.